नवरा-बायको मिळून एकच घर

माझं घर आदिलाबादला होतं आणि माझ्या नवऱ्याचं मंचेरियलला. जिल्हा एकच, पण एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर सकाळची बस धरावी लागायची आणि पोचेपर्यंत दुपार टळून जायची. लग्न झालं तेव्हा दोघांनाही नोकऱ्या लागलेल्या होत्या. मी आदिलाबादजवळ, जैनथकडच्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षिका होते आणि ते मंचेरियलला एका सरकारी कचेरीत कारकून. त्याआधी आमच्या दोघांच्याही घरांत कोणी महिन्याचा पगार आणलेला नव्हता. आईवडील दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला, ज्वारी सोंगायला जाणारे. त्यामुळे दोघांपैकी एकानं नोकरी सोडावी हा विचार कोणाच्या मनातसुद्धा आला नाही. आज ना उद्या बदली होईल, असं धरून आम्ही चाललो होतो. अर्ज करत राहिलो. माझी जागा मराठी शाळेची, ती मंचेरियलला कुठून मिळणार? आणि त्यांच्या खात्यात आदिलाबादला जागा निघाली की ती आधीच कोणाची तरी ठरलेली असायची.

दोन घरं म्हटलं की ऐकणाऱ्याला श्रीमंती वाटते. मंचेरियलचं घर म्हणजे रेल्वेच्या बाजूला दोन खोल्या आणि पुढं थोडं अंगण. तेही हौसेनं घेतलेलं नव्हतं. सुरुवातीला ते भाड्यानं राहायचे. खोली बघताना घरमालक गोड बोलायचे, सामान लागलं की आत डोकावायचे, भिंतीवरचा फोटो बघायचे आणि मग तुम्ही कोणते लोक, हे सरळ तेलुगुत विचारायचे. महिना संपायच्या आत त्या घरमालकाचा कोणी भाऊ नाहीतर मेव्हणा राहायला येणार असायचा. असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी खोली शोधणंच सोडलं आणि पतपेढीचं कर्ज काढून ती जागा विकत घेतली.

माझं घर नंतरचं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी बसस्टँडच्या पलीकडं, नव्या वस्तीत प्लॉट घेतला आणि हळूहळू बांधत गेले. माझ्या नावावर. ते एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी यायचे, रविवारी थांबायचे आणि सोमवारी पहिल्या बसनं निघायचे. आमचा संसार असा चालला होता आणि आम्हाला त्याची सवय झाली होती.

मालक स्वतः राहत असेल तर त्याला घरपट्टीत चांगली सूट मिळायची. भाड्यानं दिलेल्या घराला पूर्ण पट्टी. आम्ही दोघंही आपापल्या गावात, आपापल्या घरात राहत होतो, म्हणून दोघांनाही सूट होती. त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मग एका वर्षी सगळ्या घरांची पट्टी नव्यानं बसवायचं निघालं आणि नगरपालिकेचे एक वयस्क साहेब टेप घेऊन दारात आले. लांबी-रुंदी मोजून झाल्यावर ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "मैडम, साहब किधर रहते?"

"मंचेरियल में. उधर नौकरी है."

"किराये से?"

"नहीं, खुद का घर है. उन्हीं के नाम पे."

साहेबांचा हात थांबला. "फिर मुश्किल है. अब मियाँ-बीवी मिलके एकीच घर को छूट है. दूसरा किराये का समझते."

"पण दोनों में हमीच रहते."

"रहते होंगे मैडम. पर मियाँ-बीवी एक, तो घर भी एक. हाँ, अलग हो गए रहे तो बात अलग है."

"अलगीच तो रहते हम," मी म्हटलं.

साहेब हसले. "वैसा नहीं, मैडम. वैसावाला अलग."

कोणत्या घरावर सूट घ्यायची ते दोघांनी मिळून लिहून द्या, असं सांगून ते गेले.

त्या शनिवारी हे आले. मोरीवर हातपाय धुऊन जेवायला बसले. भाकर आणि अंबाडीची भाजी वाढता वाढता मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, दोन मिनिटांचं बोलणं आहे.

"सूट या घरावर घेऊ," मी म्हटलं. "हे मोठं हाये, पट्टीबी याचीच जास्त. पोरगी इथं शिकून राह्यली."

"आन् माह्या घराचं?"

"त्याचं काय? ते तं तुमचं नोकरीपुरतं हाये."

त्यांचा घास हातातच राहिला. "नोकरीपुरतं हाये हे कोनं सांगतलं तुले?"

"मंग? रिटायर झाल्यावर इथंच येसाल ना?"

"मले कवा इचारलं तू?"

खरंच कधी विचारलं नव्हतं. हे घर बांधताना मागची खोली मी त्यांच्या म्हातारपणासाठी काढली होती, खिडकी पूर्वेला ठेवली होती, पण ते त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी त्या रात्री सांगितलं की मंचेरियलला स्वयंपाकाचा ओटा त्यांनी माझ्या उंचीचा बांधून घेतला होता. मी कधीतरी नोकरीतून मोकळी होऊन तिकडं येईन, असं त्यांच्या मनात होतं. मी तिकडं सुट्टीत चार दिवस जायचे, त्या ओट्यावर स्वयंपाक करायचे. तो माझ्या मापाचा आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बरं, एकच लिवायचं हाये ना," मी म्हटलं. "कागदावरच तं."

"कागदावरच?" ते एकदम चिडले. "ज्या गावात मले कोनी दोन खोल्या देल्या नाई, तिथं मी माह्या स्वतःच्या घरात राह्यत नाई म्हनून लिवून देऊ?"

मला त्यांचं दुखणं कळत होतं. पण माझंही तसंच होतं. विटांवर पाणी मारायला मी शाळेतून येऊन उभी राहिले होते. हे घर माझं राहतं घर नाही, असं मी तरी कसं लिहून देणार? बोलता बोलता आवाज चढले. मुलगी ताट घेऊन आत निघून गेली.

शेवटी तेच म्हणाले, "वेगळे राह्यतो असं देऊन टाकू. त्यात खोटं काय हाये? इतके वर्सं वेगळेच तं राहून राह्यलो."

"द्या मंग देऊन," मी म्हटलं. रागानं म्हटलं.

त्यांनी सुंदर तेलुगु अक्षरात दरखास्त लिहिली: आम्ही पती-पत्नी असून आता विभक्त राहतो, आमचे संसार वेगळे आहेत. खाली त्यांनी तेलुगुत सही केली आणि मी मराठीत. दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागणार होत्या. शेजारी एका सीमेवरच्या गावातून आलेलं शेतकरी कुटुंब होतं. त्या घरच्या काकांनी सही केली आणि समोरच्या एका निवृत्त पोस्टमननं केली. हे फक्त घरपट्टीसाठी आहे, हे मी दोघांनाही समजावून सांगितलं. दोघांनी माना हलवल्या. संध्याकाळी शेजारच्या काकू वाटीभर वांग्याची भाजी घेऊन आल्या. एरवी त्या दारातून हाक मारायच्या, त्या दिवशी आत येऊन माझ्याजवळ बसल्या.

"पोरीले दे," म्हणाल्या. "आन् काई लागलं तं सांगजो. एकटी समजू नोको."

"काकू, ते पट्टीसाठी हाये."

"हो हो. समजते मले."

त्यानंतरच्या पौर्णिमेला बुद्धविहारात गेले तर बायकांनी मला मध्ये जागा करून दिली. एकीनं हळूच विचारलं, पोटगी देतात का. मी हसण्यावारी नेलं, पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. आणि पुढच्याच रविवारी माझे थोरले भाऊ गावाहून आले. त्यांनी चप्पलही काढली नाही.

"त्यानं टाकलं का तुले?"

"नाई दादा. बसा तं खरं."

"मंग हे काय आयकून राह्यलो मी? गावात सारे इचारून राह्यले."

मी त्यांना सूट, नवा कायदा, दोन घरं, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "घरपट्टीसाठी कोनी असं लिवून देते का? काई असन ते खरं सांग. आमी मेलो नाई अजून."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जितकं समजावलं तितकं ते मला खोटं वाटायला लागलं, मग त्यांना कसं खरं वाटेल? जाताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. असा हात त्यांनी आमचे वडील गेले तेव्हा ठेवला होता.

मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं मला एवढंच विचारलं, "शाळेत कोनी इचारलं तं काय सांगू?"

"बाबा मंचेरियलले राह्यते, येवढंच सांग."

"आन् कोनी त्याहिले इथं पाह्यलं तं?"

उत्तराची वाट न बघता ती पुस्तक घेऊन बसली.

साहेब पुन्हा येणार होते. खरंच वेगळे राहता का ते बघायला. मी शाळेच्या दिवशी घरी नसायचे, म्हणून ते रविवारी आले आणि नेमका तो यांचा घरी असण्याचा रविवार होता. हे अंगणाच्या भिंतीला आतून चुना मारत होते. कोपरापर्यंत हात पांढरे, अंगात बनियन. फाटक वाजलं, साहेब आत आले आणि समोर हे. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत साहेबांनी विचारलंच होतं, "ये कौन?"

"मेहमान हूँ," हे म्हणाले. "मैडम के गाँव का."

मी उभी होते तिथंच उभी राहिले. साहेबांनी यांच्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसले. मी आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मुलगी ताटात दोन पेले घेऊन आली. एक साहेबांना दिला. मग पायऱ्या उतरून वडिलांपाशी गेली आणि दुसरा पेला पुढं करत म्हणाली, "घ्या काका."

तिला असं म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं. मी नाही आणि त्यांनीही नाही. ते बाहेर काय बोलले ते तिनं आतून ऐकलं होतं आणि बाहेर येताना तिनं आपलं आपण ठरवलं होतं.

त्यांनी पेला घेतला. पाणी सगळं प्यायले. पेल्यावर चुन्याची बोटं उमटली. मुलगी तो घेऊन आत गेली. साहेबांनी मला विचारलं, "बच्ची आपकी?" मी हो म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. काय लिहायचं ते लिहिलं आणि फाटक ओढून घेऊन गेले.

मला वाटलं, आता हे हसतील, किंवा रागावतील. त्यांनी कुंचला उचलला आणि भिंतीचा राहिलेला भाग पूर्ण केला. खालच्या कडेपर्यंत, नीट. मग हात धुतले, कुंचला धुऊन उन्हात ठेवला, कपडे बदलले आणि पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे ते त्याच दुपारी निघाले.

"जेवून तं जा," मी म्हटलं.

"बस चुकन."

मुलगी आतल्या खोलीत होती. तिला त्यांनी हाक मारली नाही आणि ती बाहेर आली नाही.

त्यानंतरचे कितीतरी शनिवार ते आले नाहीत. शेजारच्या घरी फोन करून निरोप द्यायचे, कचेरीत तपासणी आहे, वरचे साहेब येणार आहेत. काकू निरोप सांगताना माझ्याकडं बघायच्या नाहीत. मध्यंतरी पट्टीचं बिल आलं. सूट लागलेली होती. मी ते बिल ट्रंकेत कपड्यांच्या खाली टाकलं.

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा मी मुलीला घेऊन मंचेरियलला गेले. न कळवताच गेले. घराला कुलूप होतं. पायरीवर बसलो तर पलीकडच्या घरातली बाई बाहेर आली आणि तिनं तेलुगुत विचारलं, मी त्यांची कोण.

"भार्यनु," मी म्हटलं. बायको.

ती गोंधळली. नगरपालिकेचे लोक इथंही येऊन विचारून गेले होते आणि तिनंच त्यांना सांगितलं होतं की हा माणूस एकटा राहतो, त्याचं बायकोशी पटत नाही. हे सांगताना बिचारी ओशाळली. तिनं आम्हाला आपल्या घरी बसवून चहा दिला. ते कचेरीतून आले तेव्हा आम्ही तिच्या घरात बसलो होतो. त्यांनी कुलूप काढलं, आमची पिशवी आत नेली आणि लगेच डाळ शिजत घातली. मुलगी रेल्वे बघायला अंगणात गेली. मी त्या ओट्यापाशी उभी राहून कांदा चिरायला घेतला.

लसूण सोलता सोलता ते म्हणाले, "तिनं पेला देला तवा अडखळली नाई ती. एकदाबी नाई."

"तिनं तुमाले सांभाळून घेतलं."

"तेच म्हनून राह्यलो. मले सांभाळाले पोरीले खोटं बोला लागलं. आन् तिले ते जमलं." मग म्हणाले, "मी आदी बोललो खोटं. तिनं पाहून केलं."

मी म्हटलं, "मीबी तं उभीच होती तिथं."

आम्ही दोघंही रडलो नाही. डाळ उतू गेली, ती पुसली. जेवणं झाल्यावर त्यांनीच विषय काढला. दरखास्त वापस घेऊ, म्हणाले. सूट आदिलाबादच्या घरावर घे.

"आन् हे घर?"

"राहू दे किरायाचं."

तसं झालं. मंचेरियलच्या नगरपालिकेतल्या माणसानं त्यांना विचारलं की तुम्ही राहत नाही तर भाडेकरू कोण, त्याचं नाव सांगा. "माह्यंच नाव सांगतलं मी," ते पुढच्या वेळी आले तेव्हा मला सांगत होते. "त्यो म्हने, सार, मालक तुमी, किरायेदारबी तुमीच?" सांगताना हसत होते. मग मध्येच उठले आणि मागच्या खोलीत जाऊन खिडकी उघडून बसले.

आता वस्तीत सगळ्यांना वाटलं, आमचं पुन्हा जुळलं. काकू पुरणाची पोळी घेऊन आल्या. विहारातल्या बायकांनी माझं कौतुक केलं, बाईनं संसार मोडू दिला नाही म्हणून. माझे भाऊ तर ठामपणे सांगत फिरले की आपण जाऊन बोललो, म्हणून जावई ताळ्यावर आले. आम्ही कधी तुटलोच नव्हतो, हे कोणालाच ऐकायचं नव्हतं. काही दिवसांनी मी सांगणं बंद केलं. खरं तर मला तेव्हा स्वतःलाही सांगता आलं नसतं, काही तुटलं होतं की नाही ते.

एक मात्र मला दिसत होतं. मुलगी वडिलांना हाक मारीनाशी झाली. काका तर ती पुन्हा कधी म्हणाली नाही, पण बाबाही म्हणेना. काही सांगायचं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि सरळ बोलायला लागायची. त्यांच्या पाठीमागं असली तर ते वळून बघेपर्यंत थांबायची. त्यांनाही ते कळलं होतं. तिची चाहूल लागली की ते स्वतःच वळायचे, म्हणजे तिला थांबावं लागू नये. बारावी करून ती नर्सिंगच्या शिक्षणाला हैदराबादला गेली. फोनवर मला विचारायची, "ते आले का? जेवले का?"

ते रिटायर झाले त्या वर्षी मंचेरियलचं घर विकलं. विकू नका, असं मी म्हटलं होतं. तेच म्हणाले, आता कोण जाते तिथं. सामान टेम्पोत घालून आदिलाबादला आले आणि आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा एका घरात सलग राहायला लागलो. ते काही सोपं गेलं नाही. ते पहाटे उठून चहा करायचे आणि दुधाचं भांडं भलत्याच जागी ठेवायचे. कपाट उघडायच्या आधी मला विचारायचे. "इचारता काऊन? घर तुमचंच हाये ना?" मी चिडून म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारायचे. मी शाळेतून थकून यायचे आणि घरात कोणी वाट बघतंय याचीसुद्धा मला अडचण वाटायची. त्या उन्हाळ्यात आम्ही जवळजवळ रोज भांडलो. कधी पंख्यावरून, कधी मिठावरून.

मे महिन्यात मुलगी सुट्टीवर आली. आम्ही दोघी मागच्या दारात बसून मिरच्यांचे देठ काढत होतो. हे बाहेर नळाचं काहीतरी करत होते. ती खाली बघूनच म्हणाली, "आई, तवा तुमी मले रागावले काऊन नाई? मी त्याहिले तसं म्हनलं तवा."

"तू काय चुकीचं केलं होतं? आमचीच बाजू सांभाळली."

"तेच तं," ती म्हणाली. "दोघातून एकानं तरी रागवाले पायजे होतं."

मी हातातली मिरची ठेवली. तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण ती आता मोठी होती आणि तिचे हात तिखटाचे होते. बाहेरून यांनी पाना मागितला. कोणाचं नाव न घेता, नुसतंच, "पाना आना वं कोनी." मी उठणार तोच ती उठली, लुगड्याच्या चिंधीला हात पुसले आणि पाना घेऊन बाहेर गेली. बराच वेळ नुसता लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मग दोघं काहीतरी बोलायला लागले, हळू आवाजात. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी बघायलाही गेले नाही. मिरच्या अजून पुष्कळ उरल्या होत्या.